न वाजलेली गोळी आणि वाजलेली गोळी

कळमनुरीकडून येणारी सकाळची गाडी स्थानकात शिरली तेव्हा मी हिंगोली आगाराच्या चौकशी खिडकीत बसून वसमतच्या गाडीची घोषणा करत होतो. एस.टी.त वाहतूक नियंत्रकाचं काम करता करता माझं अर्धं आयुष्य त्या माइकसमोर गेलंय. माइक बंद केला आणि पाहतो तर त्या गाडीचा वाहक खिडकीशी उभा. म्हणाला, "साहेब, एक बाबा उतरून नाही राहिले. झोपले वाटलं म्हणून हलवलं, तर मान पडली त्यांची." मी गेलो. गाडी रिकामी झाली होती. मधल्या रांगेत, खिडकीला डोकं टेकून, मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून माझे दाजी बसलेले होते. व्यंकटराव. माझ्या थोरल्या बहिणीचे, द्वारकाआक्काचे यजमान. त्या दिवशी कोर्टात त्यांची तारीख होती.

लोकांना आपल्या माणसाच्या मरणाची बातमी फोनवर कळते. मला ती फलाटावर उतरवून घ्यावी लागली... मी आणि वाहक त्यांना उचलत होतो तेव्हा बाहेरून कुणीतरी खिडकीतून हात घालून त्याच सीटवर रुमाल टाकला. जागा धरायला. मी त्या माणसाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि रुमाल तिथंच राहिला. त्याचं तरी काय चुकलं? गाडी परत जाणार होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गावाकडं जाताना वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. तिथं चौकात, टायरच्या दुकानावर एक मोठा फलक लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोपऱ्यात दाजींचा फोटो, तिकिटाएवढा. आणि अर्ध्या फलकावर हात जोडून उभा असलेला एक माणूस, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात सोन्याची साखळी. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. वाळूच्या धंद्यातला म्होरक्या म्हटलं की आमच्या भागात कुणालाही कळतं. दाजींची कोर्टाची तारीख ह्याच माणसामुळं होती. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

दाजींचं रान कयाधूच्या काठाला. हळद, सोयाबीन, थोडा गहू. माणूस शांत, पण हेकट. बोलणं कमी, ऐकून घेणं त्याहून कमी. आक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टीत गेलो की दाजी मला नदीवर न्यायचे. पात्रात वाळू इतकी की अनवाणी चाललं तर पाय घोट्यापर्यंत आत जायचा, आणि जरा उकरलं की खाली गार पाणी. त्या वाळूच्या जिवावर काठावरच्या सगळ्या विहिरी भरलेल्या असायच्या. मग ट्रॅक्टर आले. आधी एखाद-दुसरा, चोरून. नंतर रांगा. बघता बघता पात्राचा खडक उघडा पडला आणि दाजींच्या विहिरीनं उन्हाळ्यात तळ दाखवला. गावातल्या सगळ्यांच्याच विहिरींनी दाखवला. पण तहसीलला तक्रार घेऊन गेले ते एकटे दाजी.

तक्रारीचा परिणाम इतकाच झाला की तक्रार कुणी केली हे संध्याकाळच्या आत म्होरक्याला कळलं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं बांधावर आली. शिवी नाही, काही नाही. एकजण म्हणाला, "काका, रातच्याला रानात एकलं नका जात जाऊ. साप लई झालेत." दाजींनी त्याच आठवड्यात पिस्तुलाच्या परवान्यासाठी धावपळ सुरू केली. चौकशा झाल्या, चकरा झाल्या, चपला झिजल्या, आणि शेवटी परवाना मिळाला. नांदेडच्या दुकानातून ते पिस्तूल घेऊन आले तेव्हा मीही तिथंच होतो. बत्तीस बोअरचं, तळहातात मावणारं. आक्कानं ते लांबूनच पाहिलं. म्हणाली, "एवढुसं? ह्यानं मानूस भितंय व्हय?" दाजी हसले नाहीत. म्हणाले, "भिववायचंच काम हाय त्याचं. दुसरं न्हाई."

ते पिस्तूल दाजींच्या बंडीच्या आतल्या खिशात राहू लागलं. त्याच खिशात तंबाखूची पुडी. मे महिन्याचा घाम, जुलैची ओल, हळद काढायच्या दिवसांतली धूळ, सगळं त्या खिशानं सोसलं. दसऱ्याला दाजी ते पाटावर मांडायचे, शेजारी विळा, खुरपं, कोयता. सगळ्यांना हळदकुंकू. मग पिस्तुलाला तेल, आणि एकेक गोळी काढून तिलाही तेलाचं बोट. किती निगुतीनं करायचे! लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं. वर्षामागून वर्षं त्याच गोळ्या, तेच तेल. एकही कधी उडवली नाही. महागाची वस्तू, परवान्यावर मोजकीच मिळायची. वाया कोण घालवणार?

आणि मग ती दुपार आली. नदीच्या उतारावर ट्रॅक्टर भरून वर चढत होता. दाजी समोर उभे राहिले. आजूबाजूला गावातली माणसं होती, गुरं पाण्यावर आणलेली होती, कुणी मोटारसायकल धूत होतं. दाजींनी पिस्तूल काढलं आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर धरलं. चाकावर, माणसावर नाही. हे त्यांनी मला नंतर इतक्यांदा सांगितलं की मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू शकतो. चाप ओढला. खट्ट. न उडालेली गोळी मागं खेचून हातात काढली, पुन्हा ओढला. खट्ट. बस्स. एवढाच आवाज. ट्रॅक्टरवरचा माणूस हसायला लागला. तो हसला म्हणून खालचे हसले. गुरांमागचे हसले. म्होरक्या तेव्हा तिथंच होता. तो जवळ आला, दाजींच्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली, आणि पुन्हा नीट डोक्यावर ठेवली. म्हणाला, "जावा काका घरी. ऊन लई हाय."

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं दाजी म्हणायचे. मार विसरता येतो. त्या दिवसापासून गावानं त्यांना नवं नाव दिलं. खट्टराव. पारावर, लग्नात, पीठगिरणीवर. शाळेतली पोरं पाठीमागून तोंडानं आवाज काढायची, खट्ट... खट्ट... आणि पळायची. ज्यांच्या विहिरींसाठी हा माणूस उभा राहिला होता, त्यांचीच पोरं ती. आक्का एकदा एकाच्या आईकडं भांडायला गेली, तर ती बाई पदर तोंडाला लावून हसू दाबत म्हणाली, "लेकरं हायेत आक्का, काहून मनाला लावून घेता?"

दाजी पिस्तूल घेऊन नांदेडला गेले. मला बरोबर नेलं. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं एकेक काडतूस उजेडात धरलं. काडतुसाच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी पडते आणि गोळी उडते. दोन्ही काडतुसांच्या टोपीवर घोड्याचा खड्डा स्पष्ट पडलेला होता. म्हणजे पिस्तुलानं आपलं काम केलं होतं. दुकानदार म्हणाला, "पिस्तूल बराबर हाय पाटील. गोळ्या मेलेल्या हायेत. ह्यांला तेल कुनी पाजलं?"

दाजींनी सांगितलं, दसऱ्याला.

"तेल लोखंडाला," तो म्हणाला. "गोळीला नाही. झिरपत झिरपत आत जातं न् मसाला मारतं. त्यात तुमची ओल, तुमचा घाम. न् पिस्तुलाच्या ह्या आतल्या फटीत हे काय हाय? तंबाखू?" त्यानं काडीनं कोरून ते कागदावर काढलं. तंबाखूची भुकटी होती, आणि तिच्यात थोडं पिवळं, थोडं लाल. हळद आणि कुंकू. दाजी त्या कागदाकडं बघत राहिले... गाडीत बसल्यावर म्हणाले, "पूजा केली म्हनून मेल्या."

त्यानंतर दाजी वेगळेच झाले. एरवी हळदीच्या बेण्याबद्दल माणूस जितका चोखंदळ असतो तितके ते गोळ्यांबद्दल झाले. लहान पिस्तुलाचं पोट नाजूक असतं, ते म्हणायचे, मोठ्याला काहीही चालतं, ह्याला जे पडेल ते पचत नाही. गोळीचं टोक बोथट असलं, तोंडाला खड्डा असला, की नळीच्या तोंडाशी अडखळते. गोल टोकाची, तांब्याच्या वेष्टनाची, तीच सुरळीत सरकते. नुसत्या शिशाची असली तर शिसं नळीत आत चिकटतं. भारीतली परदेशी चांगली म्हणतात, पण आपल्या पिस्तुलातून उडवून बघितली नाही तर भारीतली काय न् हलकी काय, सारखीच. मनगट ढिलं सोडलं तरी पिस्तूल अडकतं. हे सगळं त्यांनी विचारून विचारून गोळा केलं होतं. संभाजीनगरच्या एका रायफल क्लबात ते सरावाला जाऊ लागले. जुन्या गोळ्या तिथं उडवून संपवायच्या, नव्या आणायच्या, वर्ष झालं की त्याही उडवायच्या. खिशातली तंबाखू गेली. ती अख्खी सवयच गेली. पिस्तुलासाठी आक्कानं जाड कापडाचं वेगळं पाकीट शिवलं.

आमच्या भागात परवानाधारक काही कमी नाहीत. लग्नात शर्ट मुद्दाम वर खोचून कमरेचं दाखवत फिरणारे. दाजी त्यांना गाठून विचारायचे, "गोळ्या कवाच्या हायेत? उडवून बघितल्या का?" ते डोळे मिचकावायचे. "आमचं काय, शोभेचं हाय. तुमचं चालतं का पर आता, खट्टराव?" आणि पाठीवर थाप. मला लाज वाटायची, राग यायचा. एकदा मीच चिडून म्हणालो, "दाजी, सोडा ना आता हे. कुणाला मारायचंय तुम्हाला?"

"कोनालाबी न्हाई," ते म्हणाले. "पर येळेला दगा देनारी वस्तू जवळ ठिवनं म्हंजी सोताशीच खोटं बोलनं हाय. एक तर ठिऊ नये, न्हाई तर बराबर ठिवावी. मानसाचं सांगता येत न्हाई रं. वस्तूचं तरी सांगता यावं."

मला तेव्हा ते वेड वाटलं. आज वाटतं की त्या अख्ख्या गावात, स्वतःच्या शब्दाला आणि वस्तूला जागणारा तेवढा एकच माणूस होता, आणि वेडा तोच ठरला.

नदीच्या उतारावर खडक इतका उघडा पडला की ट्रॅक्टर चढेनात. मग त्यांनी नवी वाट काढली. ती दाजींच्या हळदीतून. सकाळी जाऊन पाहिलं तर गुडघ्याएवढ्या हळदीतून चाकांचे दोन पट्टे गेलेले. पानं चिरडून चिखलात रुतलेली आणि सगळ्या रानात कच्च्या हळदीचा वास. दाजी बांधावर बसून राहिले. दुपारी ट्रॅक्टर परत आला. दाजी उठून पुढं गेले, हात वर केला, म्हणाले, "थांब. हितून न्हाई." चालवणारा नेहमीसारखा हसला. तोंडानं खट्ट केलं. आणि गाडी पुढं घेतली.

दाजींनी पिस्तूल काढलं, स्वतःच्या पायांपासून दोन हातांवर जमिनीकडं रोखलं, आणि चाप ओढला.

वाजली.

आक्का घरात भाकरी करत होती, तिनं ऐकलं. ती सांगते, आवाज ऐकला आणि मला आधी बरंच वाटलं. मग भीती वाटली. ट्रॅक्टरवरचा माणूस उडी टाकून पळाला. कुणाला खरचटलंही नाही. गोळी मातीत गेली, आणि दाजींनी पिस्तूल तसंच पाकिटात घातलं आणि घरी येऊन जेवले. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले, असं आक्का म्हणते.

संध्याकाळी पोलीस आले. जीवे मारण्याचा प्रयत्न. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं सांगितलं, माझ्यावर नेम धरला होता, मी वाकलो म्हणून वाचलो. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पिस्तूल जप्त झालं, परवाना गेला, दाजी काही दिवस आत राहून जामिनावर सुटले. हळदीतून ट्रॅक्टर गेल्याची तक्रारही केली होती. तिला साक्षीदार मिळाला नाही. चाकांचे पट्टे होते, पण पट्टे बोलत नाहीत, आणि ट्रॅक्टर तिथूनच जात राहिले.

आणि मग कोर्टात जे झालं ते ऐकायला मी स्वतः रजा टाकून गेलो होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी दर वर्षी जुनी काडतुसं संपवून नवी का घेत होता? इतक्या लांब जाऊन सराव का करत होता? कोणती गोळी अडकत नाही याची चौकशी का करत होता? आमच्या भागात शेकडो परवाने असतील, असं कोण करतं? ही तर मारण्याची पूर्वतयारी. दाजी पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. ज्या माणसानं पिस्तूल पूजेत मांडलं, गोळ्यांना तेल पाजलं, त्याला जग हसलं. त्यानंच ती वस्तू नीट ठेवायला शिकून घेतलं, तर तो गुन्हेगार. यात नक्की काय करायला हवं होतं, हे मला आजही कुणी सांगावं.

तारखा पडत राहिल्या. कधी साक्षीदार नाही, कधी वकील नाही, कधी साहेब रजेवर. दर तारखेला दाजी सकाळच्या गाडीनं यायचे, माझ्या खिडकीमागच्या बाकावर बसायचे, आणि कोर्टाची वेळ झाली की चालत जायचे. त्यांचे खांदे उतरले, चालणं मंदावलं. मुलगा पुण्याला कंपनीत. तो म्हणायचा, तडजोड करून टाका बाबा, म्होरक्या तयार आहे, फक्त एकदा त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. दाजी गेले नाहीत. त्या चहाची चव मला येणार न्हाई, म्हणाले.

शेवटची भेट त्याच बाकावर झाली, ते गेले त्याच्या आधीच्या तारखेला. मी दोन घोषणा केल्या, वळून पाहिलं तर ते माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "ठान्याच्या मालखान्यात ओल हाय म्हनं रं. पत्रा गळतो."

"मग?"

"मंग काय... गोळ्या हायेत तिथं. नव्या कोऱ्या व्हत्या. गेल्या असतील आता. परत दिलं तरी पुन्हा खट्टच." आणि हसले. ज्या एका शब्दानं त्यांना इतकी वर्षं जाळलं होतं, तो त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मला हसू आलं नाही.

अंत्ययात्रेला म्होरक्या आला होता. तिरडीला खांदाही दिला. स्मशानात दोन शब्द बोलला, "व्यंकटराव म्हंजी वाघ मानूस. तत्त्वासाठी जगला." लोकांनी माना हलवल्या. त्यातले कितीतरी जण त्या दुपारी नदीवर हसलेले होते. मी पुढं होऊन काही बोलणार होतो, पण आक्काच्या मुलानं माझा हात धरला. त्याचं बरोबर होतं, आम्हाला त्याच रस्त्यानं परत जायचं होतं... आरोपी मेला म्हणून खटला संपला. दाजी दोषी होते की निर्दोष, हे आता कुणालाही सांगायची गरज उरली नाही. कुणीतरी ठाण्यातून आक्काला सांगून गेलं की वारसाला पिस्तुलासाठी अर्ज करता येतो. आक्का म्हणाली, "ठिवा तुमच्याकडंच. आमाला ते भ्याड मानसांला भिववायला लागत व्हतं. आता ती मानसंबी आमच्या खांद्याला खांदा लावून जातेत."

मागच्या रविवारी मी तिच्याकडं गेलो. घराला कुलूप. शेजारच्यांनी रानाकडं बोट दाखवलं. जाऊन पाहतो तर हळदीतल्या त्या चाकांच्या वाटेवर, बरोबर मधोमध, दाजींची सुतळीची बाज टाकलेली आणि तिच्यावर बसून आक्का तूर निवडते आहे. डोक्यावर पदर, बाजूला पाण्याचा तांब्या. मी म्हणालो, "आक्का, हे काय?"

"काय न्हाई. सावली चांगली हाय हितं," ती म्हणाली. सावली कुठंच नव्हती.

सकाळी ट्रॅक्टर आला होता, तिनं सांगितलं. भोंगा वाजवला. ती उठली नाही. चालवणारा म्हणाला, मावशी सरका. ती म्हणाली, हान अंगावरून. तो खाली उतरला, फोन केला, बराच वेळ बोलला, आणि गाडी मागं घेऊन निघून गेला. ते ऐकून मला बरं वाटलं. वाटलं, चला, कुणीतरी एकदा मागं गेलं. तेवढ्यात शेजारच्या रानाचा मालक तरातरा चालत बांधावर आला. तोंड लाल झालेलं. आक्काला म्हणाला, "द्वारकाबाई, तुमी हितं बाज टाकून बसल्या, न् ट्रॅक्टर माझ्या गव्हातून जाऊन राहिले. माझं नुकसान कोन भरून देनार? आमाला काहून तकलीफ देता?"

आक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. रागानं नाही, ओळखीच्या माणसाकडं पाहावं तसं.

"तुमच्या घरी बाज हाय का?" तिनं विचारलं.

त्यानं बाजेकडं एकदा पाहिलं आणि आला तसा गव्हाच्या कडेनं निघून गेला.